बारा दारांची कविता

परीक्षेचं नाव काढलं की थोरलीच्या पोटात गोळा यायचा. हा गोळा आजकालचा नव्हता, चांगला चौतीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ती साहित्याच्या पेपरात तीन गुणांनी आपटली. पुन्हा बसू म्हणेपर्यंत वडिलांनी अंथरूण धरलं. पाठची तीन भावंडं लहान, म्हणून ती एका धुलाई कारखान्यात कामाला लागली. घरात सगळ्यांत मोठी म्हणून ती थोरली होतीच. पुढे कारखान्यातही सगळ्या बायांत जुनी झाली, तेव्हा तिथेही तेच नाव चिकटलं. लग्न झालं, लेक झाली, लेक शिकून नोकरीला लागली. पण कुठलाही अर्ज भरताना 'शिक्षण' हा रकाना आला की थोरलीचं पेन तिथेच घुटमळायचं.

कारखाना एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाठोड्यांनी यायचे आणि धुऊन, वाळवून, कडक घड्या होऊन परत जायचे. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, मधे चादरी दाबून वाळवणारा तापलेला रोलर, पलीकडे इस्त्रीची बारा टेबलं. कामाला बावीस बाया. सगळीकडे वाफ इतकी, की चष्मा लावणारीला तो दर पाच मिनिटांनी पुसावा लागे. थोरली सहा वर्षांपासून तिथली मुकादम होती. तिचा हात फिरला की गाठोड्यात किती चादरी आहेत हे मोजायला लागत नसे.

तर नवा मॅनेजर आला आणि त्याने सूचना लावली: वर्षअखेरपर्यंत मुकादमांकडे शाळा पास झाल्याचा दाखला हवा; नसेल तर टेबलावर परत जावं लागेल. पन्नाशीला पोचलेल्या थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीने दुसऱ्याच दिवशी मोठ्या माणसांच्या वर्गात तिचं नाव घातलं. वर्ग रविवारी सकाळी एका शाळेत भरे. बाकं लहान मुलांची, गुडघे हनुवटीला लागायचे. नवरा म्हणाला, "जमलं तर दाखला मिळेल, नाही जमलं तर व्यायाम तरी होईल." तो बस चालवून निवृत्त झाला होता आणि पाठदुखीमुळे दिवसभर घरीच असे. विनोदाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

गणित, भूगोल, भाषा हे पेपर एकेक करून निघाले. घोडं अडलं ते जुन्याच जागी, साहित्यात. त्यात लेखी झालं की तोंडी परीक्षा होती. पाच कवितांतली एक चिठ्ठी काढून निवडायची आणि परीक्षकासमोर बसून ती उलगडून सांगायची. चार कविता बऱ्या होत्या. एक नदीवर, एक चंद्रावर, एक म्हाताऱ्या झाडावर, एक दूर गेलेल्या मित्रावर. पाचवीने मात्र थोरलीला वेठीला धरलं.

ती दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कवीची होती. खाली तळटीप होती, की हे कवी माणसाच्या मनाला आणि स्वातंत्र्याला फार मान देत, आणि नव्याने वाढणाऱ्या शहरांतला जुलूम पाहून कळवळत. कविता साधी होती. कवी एका शहरात हातमोजे शिवणाऱ्यांच्या गल्लीत उभा आहे. पहिल्या दोन ओळी अशा:

गल्लीत बारा दारं, बाराही बाहेरून बंद;
आत सुया चालतात, पावसासारख्या मंद.

पुढे आतले आवाज येतात. कुणी खोकतंय, कुणी झोप लागू नये म्हणून गातंय, आणि जगासाठी हातमोजे शिवणाऱ्यांचे स्वतःचे हात उघडेच आहेत, फुटलेले आहेत. कवी विचारतो, ही कुलुपं कुणी लावली? राजाने? न्यायाधीशाने? धर्मगुरूने? उत्तर मिळत नाही. आणि शेवट असा:

संध्याकाळी किल्ली फिरली, एकेक दार उघडलं;
किल्लीवाल्या हातावरही वळ होते, मी पाहिलं.

थोरलीने ही कविता पहिल्यांदा वाचली ती पहाटे, ओट्यापाशी उभी राहून, चहा उकळत असताना. शेवटच्या ओळीवर ती आली आणि चहा उतू गेला. नवऱ्याने आतून विचारलं काय झालं, तर ती म्हणाली काही नाही, लक्ष नव्हतं. खरं म्हणजे लक्ष नको तितकं होतं. कारण तिच्या गळ्यात, ब्लाउजच्या आत, एका पट्टीला बांधलेली कारखान्याच्या मागच्या दाराची किल्ली होती.

त्याचं असं झालं होतं. तळघराला दोन वाटा होत्या. एक पुढचा जिना, तो वर ऑफिसातून जाई, म्हणून बायांना तिकडून मधेच बाहेर पडता येत नसे. दुसरं मागचं दार, मागे उतार असल्याने थेट अंगणात उघडणारं, जिथे गाड्या लागत. दोन वर्षांपूर्वी टॉवेलांचं एक गाठोडं नाहीसं झालं. तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला की मागचं दार कामाची पाळी सुरू झाल्यावर कुलूपबंद ठेवायचं आणि किल्ली थोरलीने सांभाळायची. आठ दिवसांनी ते गाठोडं भलत्याच हॉटेलात सापडलं. चूक गाडीवाल्याची होती. पण रोग गेला तरी औषध चालूच राहिलं. नव्या मॅनेजरने तर ते लेखी नियमात घातलं. सकाळी सव्वाआठला थोरली कुलूप लावी, दुपारच्या सुट्टीला काढी, पुन्हा लावी. कुणाला फार गुदमरलं तर तिच्याकडे येऊन सांगायचं, आणि बरं दिसलं तर ती दोन मिनिटं दार उघडायची. बायांना त्याची सवय झाली होती. तिलाही झाली होती. कविता वाचेपर्यंत.

पुढच्या रविवारी वर्गात मास्तरांनी नेमकी तीच कविता घेतली. मास्तर निवृत्त होते, कानात यंत्र होतं, आणि नको ते ऐकायचं नसलं की ते यंत्र बंद करतात अशी वर्गाची खात्री होती. त्यांनी विचारलं, शेवटच्या ओळीतला किल्लीवाला कोण? एक सुतार म्हणाला, मालक. एक नर्स म्हणाली, सरकार. बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्येही तेच छापलं होतं: 'किल्लीवाला हे निर्दय सत्ताधारी वर्गाचं प्रतीक आहे.' मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि थोरलीकडे पाहिलं.

तिला बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. "मालक कुठे किल्ल्या घेऊन हिंडतो? संध्याकाळी तो तिथे असतही नाही."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "मग कोण?" त्यांनी विचारलं.

थोरलीचा हात नकळत गळ्याकडे गेला आणि तिने पदर सारखा केल्याचं सोंग केलं. माहीत नाही म्हणाली. मास्तरांनी आग्रह धरला नाही. ते एवढंच म्हणाले, की गाईड लिहिणाऱ्याने 'ही' हा शब्द सोडून दिला आहे; किल्लीवाल्या हातावर'ही' वळ होते, असं कवी म्हणतो, आणि सगळी कविता त्या एका अक्षरावर उभी आहे. वळ कशाने उठले ते शोधा, म्हणाले, आणि वळ असूनही तो हात किल्ली का फिरवतो तेही शोधा.

तिथून थोरलीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कुलूप लावताना खट् असा आवाज होई, तो तिला आता दिवसभर ऐकू येई. जिन्यावर मॅनेजरचे बूट वाजले की ती हातातलं काम टाकून मागच्या दाराकडे पाही. त्याच आठवड्यात तो तिला बोललाही होता. दुपारची सुट्टी संपल्यावरही दार दहा मिनिटं उघडं दिसलं म्हणे. असं चालणार नाही, वरून विचारणा होते. थोरलीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आणि गुरुवारी गुणगुणीचं झालं. गुणगुणी म्हणजे रोलरवर काम करणारी एक किडकिडीत बाई. सतत काहीतरी गुणगुणत असे म्हणून तिचं ते नाव. तिला दम्याचा त्रास होता. दुपारनंतर रोलर पुरता तापलेला, वाफेने समोरचं दिसेना. ती थोरलीजवळ आली आणि म्हणाली, जरा दार उघड, श्वास पुरत नाही. थोरली एरवी उठलीच असती. पण मॅनेजर त्या वेळी वरच्या पायऱ्यांवर कुणाशी तरी बोलत उभा होता. ती म्हणाली, दहा मिनिटं थांब, तो गेला की उघडते.

गुणगुणी मागे सरली. थोरली चादरींच्या ट्रॉलीकडे वळली. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं, की गुणगुणणं थांबलंय. तिने वळून पाहिलं. गुणगुणी मागच्या दाराशी जमिनीवर आडवी झाली होती. गाल फरशीला टेकवला होता आणि दाराखालच्या बोटभर फटीला तोंड लावून ती बाहेरची हवा ओढून घेत होती.

थोरली धावली. किल्ली कुलपात जाईना, दोनदा हातातून निसटली. दार उघडलं, तिला अंगणात बसवलं, पाठ चोळली. मॅनेजर पाहतोय का, याकडे तिचं लक्षही गेलं नाही. पाच-सात मिनिटांनी गुणगुणीच्या चेहऱ्यावर रंग आला. थोरली तिच्या शिव्यांची वाट पाहत होती. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. पण गुणगुणी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझी काय चूक, थोरले? तुलाही वरच्यांना तोंड द्यावं लागतं."

ही माफी थोरलीला झोंबली. कुणी ताटात वाढावी तशी ती समोर आली होती, आणि घशाखाली उतरत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी लेक तिची तयारी घ्यायला बसली. लेकीचा स्वभाव नीटनेटका. तिने प्रत्येक कवितेचे पाच मुद्दे काढून दिले होते. थोरलीने चार कविता घडाघडा म्हणून दाखवल्या. बारा दारांच्या कवितेला मात्र ती अडखळली. लेक म्हणाली, किल्लीवाला म्हणजे सत्ताधारी, एवढं म्हण आणि पुढे जा. थोरली म्हणाली, ते खोटं आहे.

"आई, परीक्षकाला जे हवं ते द्यायचं. परीक्षेत आपलं मत कशाला?"

"मत नाही गं. माहिती आहे."

लेकीला काही कळलं नाही. नवरा पलंगावरून म्हणाला, त्या कवीला आधी विचारा, संध्याकाळपर्यंत गल्लीत नुसता उभा होता तर एखादं दार ठोठावून का पाहिलं नाही. लेक हसली. थोरलीला हसू आलं नाही, पण तिने तो प्रश्न मनात ठेवला. तिच्या मते गाईडमधल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा तो मुद्दा बरा होता.

रविवारी तोंडी परीक्षा. बाहेरच्या बाकावर बसून थोरली मनातल्या मनात एकच घोकत होती, ती नको, दुसरी कुठलीही येऊ दे. आत परीक्षक बाई होत्या, सर्दीने नाक लाल झालेल्या, समोर रुमालांचा ढीग. थोरलीने चिठ्ठी काढली. नदी. तिच्या जिवात जीव आला. पाचही मुद्दे तिने क्रमाने सांगितले. बाई लिहीत राहिल्या, मधे दोनदा शिंकल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं थोरली मनाशी म्हणतेय तोच बाईंनी शेवटचा, सगळ्यांना विचारायचा प्रश्न विचारला. या पाचांपैकी कुठली कविता तुमच्या मनात राहिली, आणि का?

झाड म्हणता आलं असतं. मित्र म्हणता आला असता. थोरली म्हणाली, "दारांची."

मग ती बोलत गेली. म्हणाली, कवीने आधी मोठमोठी नावं घेतली, राजा, न्यायाधीश, कारण आपल्याला वाटतं जुलूम करणारा लांब कुठेतरी, उंचावर बसलेला असतो. तो असतोच. पण कुलूप काही उंचावरून लागत नाही. दाराशी उभं राहूनच लावावं लागतं, आणि दाराशी उभं राहणारं माणूस आतल्यांपैकीच असतं. त्याच्या हातावर वळ आहेत कारण तोही कधी आत सुई चालवत होता. पुन्हा आत जायची त्याला भीती आहे, म्हणून तो किल्ली सोडत नाही. कवीला दारं दिसली, आवाज ऐकू आले, पण त्याने एकही दार ठोठावलं नाही, हेही तिने सांगून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कवीने किल्लीवाल्याला माफ केलंय, असं म्हणायचंय?"

"नाही. वळ आहेत म्हणून सोडा, असं तो म्हणत नाही. मी पाहिलं, एवढंच म्हणतो. पुढचं त्याने वाचणाऱ्यावर टाकलंय."

"तुम्ही काम काय करता?"

थोरलीने सांगितलं. कारखाना सांगितला, वाफ सांगितली, मागचं दार सांगितलं. आणि किल्ली माझ्याकडे असते, हेही सांगितलं. बाईंनी पुन्हा पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. मग बाई हळूच म्हणाल्या, तुम्ही जाऊ शकता.

बाहेर आल्यावर ती पुन्हा त्याच बाकावर बसली. हे आपण काय बोलून बसलो? या बाईने कुठे लिहून कळवलं तर? कारखान्यावर कुणी तपासायला आलं तर बावीस जणींच्या पोटावर पाय येईल. न सांगावं तर ते दार बंदच, सांगावं तर हे; इकडे आड, तिकडे विहीर. घरी लेकीने विचारलं, कुठली आली? ती म्हणाली, नदी. लेक खूश झाली.

सोमवारी सव्वाआठला थोरली मागच्या दाराशी गेली, दार लोटून घेतलं आणि कुलूप न लावता परत आली. कुणाला सांगितलं नाही. पण सबंध दिवस तिचा जीव टांगणीला. दर अर्ध्या तासाने ती गाठोडी मोजत होती. एक जरी कमी भरलं तर आपलं काय होईल ते तिला ठाऊक होतं. दोन बाया बाहेर जाऊन वारा खाऊन आल्या आणि आपणहून परत कामाला लागल्या. गुणगुणी तीनदा गेली. मंगळवारीही तसंच. बुधवारी मॅनेजर गाडीवाल्याशी बोलायला अंगणात गेला आणि तिथूनच, मागच्या दाराने, आत आला. दार उघडलं तेव्हा सगळ्यांत जास्त तोच दचकला.

त्याने तिला वर बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. टेबलावर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती, अर्धी संपलेली. म्हणाला, बाई, तुम्ही इतक्या जुन्या, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. काही गेलं तर मला विचारतात, तुम्हाला नाही. थोरली म्हणाली, साहेब, काहीही गेलेलं नाही, मी मोजलंय. आणि गुणगुणीचं काय झालं तेही सांगितलं. तो थोडा वेळ गोळ्यांच्या पट्टीशी चाळा करत बसला.

"एकतर कुलूप लावा, नाहीतर किल्ली इथे ठेवा," तो शेवटी म्हणाला. "किल्ली ठेवलीत तर मुकादमपण राहणार नाही, हे लक्षात घ्या."

थोरलीने गळ्यातून पट्टी काढली. ती केसांत अडकली, सोडवायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आपण हे करतोय की नाही असं तिला दोनदा वाटून गेलं. मग तिने किल्ली टेबलावर ठेवली.

त्याच दुपारी मॅनेजर खाली आला आणि किल्ली कुणी घ्यायची ते विचारू लागला. बायांनी आपसात काही ठरवलं नव्हतं. त्यांना तशी सवडही नव्हती. पण पहिलीने ओले हात दाखवले. दुसरी म्हणाली, मला लांबचं दिसत नाही. तिसरी म्हणाली, साहेब, मी घरच्या तीन छत्र्या हरवल्या आहेत, माझ्याकडे ही राहायची नाही. असं करत करत तो टेबलामागून टेबल फिरला. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि प्रत्येकीकडे सबब होती. थोरली रिकाम्या टेबलाशी उभी राहून सगळं ऐकत होती. आता हा सगळ्यांना काढतो की काय, अशी धास्ती तिने घेतली.

त्याने कुणाला काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः खाली येऊन कुलूप लावू लागला. सकाळी, दुपारच्या सुट्टीला, सुट्टी संपल्यावर. तीन दिवस नेमाने आला. चौथ्या दिवशी फोनवर अडकला. मग एकदा सकाळी विसरला, एकदा दुपारी. दोन आठवड्यांनी त्याचं येणं थांबलं. नियम कागदावर तसाच आहे, म्हणून दार आजही कधी बंद होईल याचा भरवसा नाही. थोरली इस्त्रीच्या सातव्या टेबलावर आहे. इस्त्रीवर बसलेला हात मुकादमपणाच्या सहा वर्षांत मोडला होता. पहिला महिना खांदा इतका दुखला की डोक्यावर हात जाईना. मुकादमाची जागा अजून रिकामी आहे, आणि जिन्यावर बूट वाजले की ती अजूनही आधी मागच्या दाराकडे पाहते.

निकाल लागला. लेखीत ती जेमतेम तरली. तोंडीत वीसपैकी अठरा. लेक गुणपत्रिका घेऊन स्वयंपाकघरात आली, पुन्हा पुन्हा पाहत. नदीवर अठरा? असं काय बोललीस तू?

थोरली भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली आणि लेकीला समोर बसवलं. मग तिने सगळं सांगितलं. गाठोडं, कुलूप, दाराखालची फट, फरशीला टेकलेला गुणगुणीचा गाल, ते दहा मिनिटं थांब म्हणणं. बाहेरच्या खोलीत नवऱ्याने रेडिओ बंद केला.

लेकीने गुणपत्रिका घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दोन वर्षं? तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत," थोरली म्हणाली. थोडं थांबून, खरं तेच बोलायचं म्हणून, तिने पुढे जोडलं, "आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं."

लेकीने विळी आपल्याकडे ओढून घेतली आणि राहिलेली भाजी चिरायला लागली.